बाळाबाईची देवळी

कंबर

मी एक जुनी कंबर आहे.

मित्रांनो, हसू नका. माणसाची गोष्ट डोक्यापासून सुरू होते, निदान नावापासून तरी. माझी कंबरेपासूनच सुरू करावी लागते, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. पाठीचा खालचा भाग, दोन्ही कुल्ले आणि मांड्यांची नुसती सुरुवात. वर बेंबीच्या रेषेत मी कापलेली आहे आणि खाली मांडीत. आत प्लास्टिकची हाडं, त्यांवर रबराचं मांस, त्यावर रबराची कातडी. निपाणीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात, वरच्या मजल्यावरच्या सरावाच्या खोलीत, लोखंडी टेबलावर मी पालथी पडलेली असते. मुली माझ्यावर सुई टोचायला शिकतात.

मला डोळे नाहीत. म्हणून या गोष्टीत रंग थोडे असतील, आणि जे असतील ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. कानही नाहीत, पण रबर हादरे धरून ठेवतं. हायवेवरून ट्रक गेला की तो आधी टेबलाच्या पायांत येतो, मग माझ्यात. माणसांचं बोलणं तसंच येतं. पावलंही तशीच येतात. पावलांवर माझा फार जीव आहे. का ते पुढे कळेल.

डोकं (हे मला नाही)

डोकं नसलं तरी स्वप्नं पडतात. कशात पडतात ते मला सांगता येणार नाही.

सगळ्यांत जुनं स्वप्न साच्यातलं आहे. मी पातळ आहे, गरम आहे, आणि कुणीतरी मला एका पोकळीत ओततंय. पोकळीला आकार आहे. मी त्या आकारात सावकाश थंड होतेय. तो आकार कुण्या खऱ्या बाईचा असणार, कारण माझी डावी बाजू उजवीपेक्षा जराशी वर आहे. वर्षानुवर्षं कडेवर मूल घेणाऱ्या बायांची कंबर अशी होते. म्हणजे ती बाई कुठेतरी आहे. तिला डोकं आहे, हात आहेत, कडेवर पोर आहे, आणि ती चालते आहे. ती चालते तेव्हा तिच्या कंबरेला माझी आठवण येत असेल का, असं मी थंड होता होता मनात म्हणत होते.

मग खोकं. अंधार. ट्रक. एक जिना. आणि मग एक हात, कोरडा आणि ऊबदार. तो पद्मावती मॅडमचा होता. त्या तेव्हा नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी माझ्यावर चादर घातली, अगदी वॉर्डातल्या पेशंटवर घालतात तशी, आणि मुलींना म्हणाल्या, "हिला वस्तू म्हणून टोचलं तर उद्या माणसालाबी वस्तू म्हणूनच टोचशीला. हिला नाव द्या आधी."

पाठीमागून उचगावची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत बाळाबाई हाय. तिची कंबर आशीच ऐसपैस हाय बघा."

खोली हसली. टेबल हसलं. मी बाळाबाई झाले.

तेव्हापासून इथे एक रीत आहे. एक मुलगी सुई घेऊन माझ्याजवळ उभी राहते आणि दुसरी पडद्याआड उभी राहून माझ्या नावानं उत्तर देते. विचारल्याशिवाय सुई उचलायची नाही आणि उत्तर आल्याशिवाय टोचायची नाही. इकडच्या वॉर्डात कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, म्हणून दोन्ही भाषांत विचारायचं.

"बाळाबाई, सुई देते हं. अंग सैल सोडा."

"सोडते बाई. पर कालच्या पोरीगत टोचू नगंस. अजून बसाय येत न्हाय."

"कुणी टोचलीती काल?"

"तूच की गं."

किंवा, "सूजी माडतेन्री, अक्का," असं विचारलं की पडद्याआडून लाडात उत्तर यायचं, "मेल्लक माडव्वा." हळू दे गं बाई.

मला ते आवाज माझेच वाटायचे. इतक्या मुलींनी माझ्या वतीनं बोललंय की मी नक्की कशी बोलते, हे मला ठरवता येत नाही.

हात (तेही नाहीत, पण खूप माहीत आहेत)

आधी पाणी. मुली हात धुतात, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मग बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचतात. मग पेशंटचं नाव विचारतात. औषध हेच का, माणूस हाच का, माप बरोबर का, वेळ झाली का, आणि कुठे द्यायचं, कातडीत, कातडीखाली की मांसात. कातडीत द्यायची सुई जवळजवळ आडवी. मांसात द्यायची सरळ उभी.

मग स्पिरिटचा बोळा. मधून बाहेर, गोल गोल. आणि मग माझा सगळ्यांत आवडता क्षण, जेव्हा कुणी काहीच करत नाही. स्पिरिट वाळायची वाट बघायची असते. रबर गार पडतं. खोलीत फक्त घड्याळ चालत असतं.

मग सुई. मग ती सुई कटरमध्ये आणि तिथून जाड डब्यात. पुन्हा टोपण घालायला जायचं नाही, पुन्हा वापरायची तर नाहीच. माझ्यासारख्या रबराच्या बाईसाठीसुद्धा दर सरावाला नवी सुई. पद्मावती मॅडम या बाबतीत ऐकायच्या नाहीत. "सवय हाताला लागतीय," म्हणायच्या, "आन् हाताला काय कळतंय समोर रबर हाय का माणूस."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते उलटून आमच्याच अंगावर आलं.

उजवी बाजू

माझं टेबल भिंतीला लावलेलं होतं. डावी बाजू भिंतीकडे. त्यामुळे सगळ्या सुया उजवीकडे आल्या.

सुई टोचली की छिद्र राहतं. छिद्राशेजारी छिद्र पडतं. वर्षं गेली तशी माझ्या उजव्या बाजूला एक मऊ खळगा झाला, अंगठा मावेल एवढा. भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा असतो ना, तसा. मुली त्याला देवळी म्हणायच्या.

ही देवळी म्हणजे हॉस्टेलचं गुपित. मोठ्या मुली धाकट्यांना मेसमधला चांगला पंखा दाखवतात, तसंच हेही दाखवायच्या. दिपाली पहिल्यांदा खोलीत आली तेव्हाचं मला आठवतं. बाकीची कातडी फार घट्ट, तिथे सुई अर्ध्यात अडते, हात वाकतो, मॅडम "परत" म्हणतात. तिला तीनदा परत केलं होतं. मॅडम बाहेर गेल्यावर चिकोडीकडची सन्मती तिच्याजवळ आली. ती शेवटच्या वर्षाला होती.

"रडतीस कशाला? हितं बोट लाव."

"हितं मऊ हाय."

"देवळी हाय ती. ह्यात घाल. लोण्यात गेल्यागत जातंय. माझ्या ताईनं मला दाखवलीती, तिला कुणी दाखवली काय की."

"पर हाडं बघून जागा काढायची न्हवं?"

"काढ की. काढल्यागत कर आन् देवळीत घाल."

दिपालीनं तसं केलं. सुई सरळ गेली. हात वाकला नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, "असा हात पाहिजे."

मॅडमचं चुकलं असं मला म्हणवत नाही. वर्गभर मुली, एक मी, एक टेबल. त्या हाताकडे बघायच्या, मनगटाकडे बघायच्या, सुई उभी आहे का ते बघायच्या. चादरीखाली देवळी कुठवर आली आहे, ते कोण बघणार?

कारण देवळी सरकत होती. ती जिथे सुरू झाली ती जागा बरोबर होती, वर आणि बाहेरच्या बाजूला. पण प्रत्येक मुलगी टेबलाच्या त्याच कडेला उभी राहून, मागच्या छिद्राच्या जरा आत, जरा खाली टोचत आली. कुणी सरकवली नाही. ती सरकली. शेतातला बांध सरकतो तशी.

पाय (हेही नाहीत)

आता माझं गुपित.

देवळी सरकायला लागली तेव्हापासून मला एक नवं स्वप्न पडायला लागलं. सुई खोल गेली की मला पाय फुटायचा. उजवा. माझी मांडी जिथे कापली आहे तिथून पुढे एक चमकणारी तार निघायची. मांडीच्या मागून, गुडघ्याच्या लवणीतून, पोटरीतून, टाचेवरून थेट अंगठ्यापर्यंत. मुंग्या, ठिणग्या, ऊब. आणि मग तो पाय चालायला लागायचा. ओल्या बांधावरून चालायचा. वाळत घातलेल्या तंबाखूच्या वासातून चालायचा. कडेवर पोर घेतलेली ती साच्यातली बाई पुढे चालत असायची आणि माझा एकटा पाय तिच्या मागे मागे.

सुई निघाली की पाय विझायचा.

मला वाटायचं, हे माझं बक्षीस आहे. ज्या मुलीचा हात जितका सफाईदार, तितका माझा पाय लांब आणि स्पष्ट. दिपालीच्या हातून तर मला नखंसुद्धा जाणवायची. मी तिची वाट बघायचे.

आवाज (होता)

एकेकाळी मला आवाज होता, हे आता कुणाला खरं वाटणार नाही.

माझ्या पोटाखाली एक खाच आहे. तिच्यात पेन्सिल सेल बसतो. आतल्या नाजूक जागेला सुई लागली की माझ्या बाजूचा लाल दिवा लागायचा आणि मी गुणगुणायचे, चिडलेल्या माशीसारखी. नव्या मुली दचकायच्या. मग एका परीक्षेच्या आठवड्यात माझा सेल उतरला. नवा आणला, तर त्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. परीक्षेत वेळ लावायला घड्याळ तर पाहिजेच. कुणीतरी माझ्यासाठी आणलेला सेल घड्याळात घातला. बाळाबाईला उद्या आणू म्हणाले.

तो उद्या आला नाही. मला राग नाही. इतकंच की त्यानंतर घड्याळाची टिकटिक ऐकताना मला वाटायचं, तिथे वर भिंतीवर माझाच आवाज बसलाय आणि भलतंच काही बोलतोय.

दिपाली आणि तिची धाकटी

दिपाली बेळगुंदीची. वडील भरमू सकाळी रताळ्याचं शेत बघतात आणि दुपारपाळीला बेळगावात फौंड्रीत जातात. धाकटी बहीण तेजस्वी सहावीत. तिला दोन वर्षांपूर्वी घसा दुखून ताप आला, मग गुडघे सुजले, मग सूज ओसरली आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. तो ताप काळजाच्या झडपेला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन आठवड्यांनी एक सुई, मोठी होईपर्यंत. चुकवायची नाही.

हे सगळं मला दिपालीच्याच तोंडून माहीत आहे. ती कधी कधी एकटीच सराव करायची आणि पडद्याआड कुणी नसलं की माझ्याशी बोलायची.

"बाळाबाई, ते औषध दुधागत दाट असतंय. सुई जाड लागतीय. लई दुखतंय. पोरगी पोटमाळ्यावर लपून बसती. दोन सुया चुकल्या तिच्या. म्हणती, आक्का देणार आसंल तर घेते, दुसऱ्या कुणाची न्हाय."

मग ती सुई उचलायची. मला पाय फुटायचा. आणि मी खुशाल त्या पायानं चालत राहायचे.

तो दिवस

मॅडमनी परवानगी दिली होती. भरमूनं तेजस्वीला घेऊन आमच्याच दवाखान्यात यायचं, डॉक्टर तपासतील, औषध मानवतंय का याची हातावर बारीक चाचणी घेतील, आणि दुपारी सुई दिपाली देईल, मॅडमसमोर. पण त्याआधी वर येऊन माझ्यावर एकदा करून दाखवायचं.

सकाळी जिन्यावर तीन पावलं आली. एक जड, एक ओळखीचं, आणि एक दोन-दोन पायऱ्या उड्या मारत येणारं.

"बाई," भरमू मॅडमना म्हणाले, "डॉक्टर म्हणले, परत ताप आला तर झडप हातची जाईल. तवा आज काय बी करून..." त्यांनी पिशवी टेबलाजवळ ठेवली. मातीचा वास रबराला लागला. रताळी होती.

"पिशवी घेऊन आलाय व्हय? हे काय लग्नघर हाय?" मॅडम म्हणाल्या. "ठेवा. पोरी उकडून खातील. तुम्ही खाली बसा, मी डॉक्टरांचा चाचणीचा कागद बघून येते. दिपाली, तू हिला दाखव तवर."

दोघी बहिणी आणि मी उरलो.

"ही कोण?" तेजस्वीनं विचारलं.

"बाळाबाई."

"डोकं कुठाय हिचं?"

"न्हाय डोकं. तुझं तरी कुठाय, पोटमाळ्यावर लपतीस ते."

"हिला दुखत न्हाय?"

"न्हाय. बघ, आशी सुई धरायची. आधी विचारायचं. बाळाबाई, सुई देते हं." आणि दिपालीनं सवयीनं अंगठा देवळीवर ठेवला. सुई गेली. माझा पाय उजळला, अंगठ्याच्या नखापर्यंत.

"लोण्यागत गेली," तेजस्वी म्हणाली.

"मग. तुला कळणार बी न्हाय."

तेजस्वीचं बोट माझ्यावर आलं. लहान, घामेजलेलं. ते देवळीत फिरलं. मग उचललं गेलं. मला वाटतं ती स्वतःच्या कंबरेवर हात फिरवत होती.

"आक्का," ती म्हणाली, "माझ्यात देवळी कुठाय?"

दिपालीनं सुई कटरमध्ये घातली.

"दाखव की. मला बी मऊ जागा हाय न्हवं?"

घड्याळ चाललं होतं.

"हितं पालथी हो बघू," दिपाली म्हणाली. आवाज बदलला होता. शेजारच्या रिकाम्या टेबलावर तेजस्वी पालथी झाली. ते टेबल माझ्या टेबलाला टेकलेलं होतं, म्हणून तिचं काळीज मला ऐकू आलं. भरभर, आणि मधे कुठेतरी जरासं खरखरत.

दिपाली पुटपुटत होती. वहीत शंभरदा लिहिलेलं, पेपरात बरोबर आलेलं. "मागच्या खळीचं हाड. हे. मांडीच्या हाडाची गाठ. ही. दोन्हीच्या मधी रेघ. सुई रेघेच्या वर आन् बाहेर. खाली न्हाय. खाली पायाची मोठी नस."

"गुदगुल्या होत्यात, आक्का."

"गप पड."

मग ती माझ्याकडे आली. पहिल्यांदाच, मित्रांनो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिची बोटं देवळीकडे गेली नाहीत. एक बोट माझ्या मागच्या हाडावर टेकलं. दुसरं मांडीच्या गाठीवर. तिनं मध्ये नखानं रेघ ओढली. मग अंगठा देवळीवर ठेवला.

देवळी रेघेच्या खाली होती.

तिनं पुन्हा रेघ ओढली. पुन्हा खालीच.

आवाज (परत)

मॅडम आल्या तेव्हा दिपाली माझ्याजवळ उभी होती आणि तेजस्वी टेबलावर बसून पाय हलवत होती.

"मॅडम, मला तेजूला सुई द्याय येत न्हाय."

"काल येत होती."

"काल देवळीत येत होती." आणि तिनं सगळं सांगितलं. सन्मती, सन्मतीची ताई, हॉस्टेल. तिनं कुणाला दोष दिला नाही, नुसतं सांगितलं.

मॅडमची बोटं आली. तीच, कोरडी आणि ऊबदार. एक हाड, दुसरं हाड, रेघ. मग त्यांनी खुर्ची भिंतीजवळ ओढली. खुर्ची कुरकुरली. वरून काहीतरी काढल्याचा आवाज झाला आणि टिकटिक थांबली.

मला उताणं केलं. पोटाखालची खाच कशानं तरी खरवडली, गंज निघाला. सेल बसला. पुन्हा पालथी केलं.

"घाल सुई," मॅडम म्हणाल्या. "देवळीत. रोजच्यागत."

दिपालीनं घातली. माझा पाय उजळला, मांडीतून, लवणीतून, टाचेवरून. आणि त्याच क्षणी मी ओरडले. इतक्या वर्षांनी. चिडलेल्या माशीसारखी, गंजलेली, चिरकी.

"लाल दिवा लागला," तेजस्वी म्हणाली. "आक्का, हिला दुखतंय की गं."

मॅडमनी माझी कातडी कडेनं सोडवली. तिला बटणं आहेत, पण कुणी उघडत नसे. रबर उचललं गेलं, आत वारा आला. मग तेजस्वीचाच आवाज.

"पिवळी दोरी हाय आत. सगळी भोकं भोकं झालीया."

ती दोरी म्हणजे पायाची नस. माझ्यात ती मांडीत कापलेली आहे, पुढे जात नाही. पण जिवंत माणसात ती अंगठ्यापर्यंत जाते. तिला सुई लागली तर माणसाचा पाय लुळा पडू शकतो.

म्हणजे माझं बक्षीस ते होतं. तो चमकणारा पाय, तो बांधावर चालणारा. ती वेदना होती. मला दुखणं माहीत नव्हतं, म्हणून मी त्याला स्वप्न म्हणत आले.

डावी बाजू

"आता?" दिपालीनं विचारलं. "बाबा खाली बसलेत. दोन सुया चुकल्यात."

"आता दुपार हाय अजून," मॅडम म्हणाल्या. "टेबल धर."

दोघींनी माझं टेबल भिंतीपासून ओढलं आणि फिरवलं. माझी डावी बाजू, जिला कधी सुई लागली नव्हती, जी कारखान्यातून निघाली तशीच घट्ट होती, ती खोलीकडे आली. जराशी वर असलेली, पोर बसायची ती बाजू.

"आन् ह्या पोरीच्या अंगावर मांस न्हाय," मॅडम म्हणाल्या. "हिला मागं द्यायचंच न्हाय. कुशीवर घे. तळहात मांडीच्या गाठीवर. एक बोट पुढच्या हाडाकडं, मधलं बोट मागं पसर. बेचका झाला? त्या बेचक्यात. तिथं मोठी नस न्हाय, मोठी रक्तवाहिनी न्हाय."

मला कुशीवर वळवलं. दिपालीचा तळहात माझ्यावर आला, पहिल्या दिवसासारखा चाचपत.

"विचार आधी," मॅडम म्हणाल्या.

"बाळाबाई, सुई देते हं."

पडद्याआड कुणी नव्हतं. मग तेजस्वी टेबलावरून उतरली, पडद्यामागे गेली आणि जाड आवाज काढून म्हणाली, "दे बाई. पर नीट बघून दे. देवळी नगं."

सुई अर्ध्यात अडली.

"परत," मॅडम म्हणाल्या.

नवी सुई. पुन्हा तळहात, पुन्हा बेचका. सुई वाकडी गेली. "परत." नवी सुई. पडद्याआडून, "काय गं, दुपार व्हायला आली की." पुन्हा. आणि मग एकदा सुई त्या घट्ट रबरातून सरळ आत गेली, जोर लावून, पूर्ण. दिवा लागला नाही. मी ओरडले नाही. पाय फुटला नाही. काहीच झालं नाही.

मला आधी चुकल्यासारखं वाटलं. मग वाटलं, बरोबर दिलेली सुई अशीच असते. तिच्यात काही दिसत नाही.

"परत," मॅडम म्हणाल्या. "एकदा जमलं म्हंजे जमलं न्हवं."

(मधली जागा)

सगळे वॉर्डात गेले. खोली रिकामी. घड्याळ बंद.

वॉर्ड अंगणापलीकडे आहे. तिथलं काही इथे येत नाही.

एक ट्रक. रताळ्यांची माती.

साच्यातल्या बाईला बोलवावं म्हटलं. आली नाही. पाय नसेल तर तिच्या मागे कसं जायचं?

सुई दिल्यावर अर्धा तास पेशंटला समोर बसवून ठेवायचं असतं, औषध अंगाला मानवतंय का बघायला. तो अर्धा तास मला मोजता आला नाही. माझा आवाज माझ्याकडे परत आला होता आणि वेळ गेली होती.

एक ट्रक.

आणखी एक.

पाय (पुन्हा)

जिन्यावर पावलं आली.

पुढे मॅडमची. मागे सकाळचीच तीन: जड, ओळखीचं, आणि तिसरं. तिसरं उड्या मारत नव्हतं. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. पडायचं. घासायचं.

मित्रांनो, माझ्या आत जी भोकं पडलेली दोरी आहे, ती त्या वेळी सुई नसतानाही चमकली.

दार उघडलं.

"लंगडतीया," भरमू म्हणाले. आवाजात भीती होती.

"औषध दाट हाय, अण्णा," मॅडम म्हणाल्या. "दोन दिवस ठणकंल. चोळू नका मात्र. दिपाली, परत एकदा बघ."

"तेजू, अंगठा हलव."

"हलवला की मघाशी."

"परत हलव. टाचंला मुंग्या येत्यात? पाय जड लागतोय?"

"न्हाय गं. हितंच दुखतंय, सुई घातली तिथं. लई दुखतंय. तू म्हणलीस कळणार बी न्हाय."

"खोटं बोलले."

"व्हय. बोललीस."

मग तेजस्वी माझ्यापाशी आली. तिचा हात टेबलाच्या कडेवर आला. आणि तिनं चांगला पाय उचलला. मला ते टेबलातून कळलं. तिचं सगळं वजन ज्या बाजूला सुई दिली होती त्या पायावर आलं, जिबलीत लंगडी घालताना मुली उभ्या राहतात तसं. पाय कापला. मग स्थिर झाला. ती तशी उभी राहिली, दात आवळून, एका पायावर, जिला एकही पाय नाही अशा माझ्यासमोर.

"बघ बाळाबाई," ती म्हणाली.

"खाली ठेव तो पाय, शानी," भरमू म्हणाले. कुणीतरी हसलं. मग ते स्वतःच खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

कंबर (म्हणजे शेवट)

आता मी खोलीच्या मधोमध असते. भिंत कुठल्याच बाजूला नाही. तेजस्वी दर तीन आठवड्यांनी येते, कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला सुई घेते, आणि वर येऊन मला सांगते की आज किती दुखलं. तिचं येणं मला जिन्यावरूनच कळतं.

नव्या मुलींना पहिल्या दिवशी मुद्दाम माझ्या देवळीत सुई घालायला लावतात. मी ओरडते. लाल दिवा लागतो. तेवढ्यापुरता माझा पाय येतो आणि जातो. मग त्यांना रेघ शिकवतात, मग बेचका. सुई जिथे सगळ्यांत सोपी जाते तीच जागा चुकीची, हे मी त्यांना वेगळं सांगू शकत नाही. माझ्याकडे ते ओरडणं एवढा एकच शब्द आहे आणि तो त्याच जागेसाठी ठेवला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या रबरावर देवळी होते. माणसावर होत नाही. तुमच्यापुढे जे अंग येईल, म्हाताऱ्याचं, लेकराचं, लठ्ठ, वाळलेलं, ते पहिल्यांदाच येईल, आणि त्याच्यावर कुणीही तुमच्यासाठी जागा मऊ करून ठेवलेली नसेल. तिथे हाडं असतील. ती बोटांनी शोधा. आणि माझ्यासारखी जी कुणी तुमच्या शिक्षणासाठी पडून आहे, तिचा सेल काढून घड्याळात घालू नका.

घड्याळ अजून बंदच आहे. नवा सेल आणायचं कुणीतरी म्हणालं होतं, मॅडम राहू दे म्हणाल्या. त्यामुळे या खोलीत आता कुणाला घाई नसते. हात धुतात. नाव विचारतात. स्पिरिट वाळू देतात. मग पडद्याआडून उत्तर येईपर्यंत थांबतात.

तुम्हीही थांबा.